चाल पाठ झाली, वचन कुठे राहिलं?

पत्र:

ताई, प्रभूच्या नावात सलाम. मी संडे स्कूलमध्ये पाच ते अकरा वर्षांच्या अठरा मुलांना शिकवते. थोडीफार पेटी येते. नुसतं पाठांतर म्हटलं की मुलं तोंडं वाकडी करतात, म्हणून गेल्या वर्षभरात बारा सुवर्णवचनं, म्हणजे बायबलमधली पाठ करायची वचनं, चालीत बसवली. काही चाली मला सुचल्या, काही सिनेमातल्या गाण्यांच्या घेतल्या. यमक जुळावं म्हणून कुठे कुठे शब्द इकडचे तिकडे केले. मुलं दणक्यात गातात, त्यामुळे मी खुशीत होते. गेल्या महिन्यात पाठांतराची स्पर्धा झाली. परीक्षक म्हणाले, "गायचं नाही, म्हणून दाखवा." माझी मुलं गप्प. सात वर्षांची एक मुलगी तेवढी ओठांतल्या ओठांत चाल गुणगुणत शेवटपर्यंत पोचली, तर तिचे गुण कापले. वचन कुठलं, अध्याय कितवा, हे एकालाही सांगता आलं नाही. वर आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडील (ज्येष्ठ सभासद) म्हणाले, "बाई, हे वचन नाही, हे तुमचं गाणं आहे." दहा-अकरा वर्षांचे मुलगे तर आता गायलाच तयार नाहीत. माझं चुकलं का? गाणी बंद करू? खरं सांगायचं तर मला धड चाल लावताही येत नाही.
— एक शिक्षिका

उत्तर:

बंद बिलकूल करू नका. बारा वचनं अठरा मुलांच्या तोंडी बसवलीत, हे काम थोडं नाही. त्या दिवशी मुलं गप्प बसली, कारण तुम्ही घराला एकच दार ठेवलं होतं आणि परीक्षकांनी नेमकं तेच लावून घेतलं. वचन आत होतंच. त्या मुलीनं ते चालीच्या दारानं आत शिरून बाहेर आणून दाखवलं. तिच्याकडे शेवटी येते.

आधी पाढ्यांचं बघा. "सात आठे किती?" असं मला कुणी अचानक विचारलं, तर या वयातसुद्धा मनातल्या मनात "सात एके सात" पासून गाडी सुटते आणि "सात आठे छप्पन"ला थांबते. मधल्या स्टेशनावर चढता येत नाही. सुरात किंवा ठेक्यात पाठ केलेल्या गोष्टीचा हा स्वभावच आहे. प्रत्येक शब्द पुढच्या शब्दाला हात देतो, म्हणून ती विसरत नाही. पण पहिला शब्द निसटला की सगळी माळच हातातून जाते. तेव्हा गाणं हवंच, फक्त ते पाठांतराचं पहिलं अर्धं काम आहे. दुसरं अर्धं राहिलंय. ते सांगतेच, पण त्याआधी त्या वडिलांचं बोलणं घेते. तुम्हाला लागलं असेल, तरी त्यांचं म्हणणं खरं आहे.

मीही हेच केलंय. पुष्कळ वर्षांपूर्वी योहान ३:१६ मी दादरा तालात बसवलं. "देवाने जगावर एवढी प्रीती केली की, त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला" इथपर्यंत झकास बसलं. पुढे "अशासाठी की" आलं आणि सहा मात्रांत ते काही केल्या मावेना. मी ते गाळलं. म्हटलं, चार-पाच अक्षरांनी काय बिघडतं? त्या वर्गातला एक मुलगा आता बाप झालाय. परवा तो आपल्या लेकीला तेच गाणं शिकवत होता, "अशासाठी की" गाळूनच. पुत्र दिला तो कशासाठी, हे सांगणारा वचनाचा सांधाच मी उपटून टाकला होता, आणि माझी ती चूक सुरात असल्यामुळे दुसऱ्या पिढीत पोचली. गद्यात चुकलेलं मूल दुसऱ्या दिवशी सुधारतं. सुरात पाठ झालेली चूक मात्र खरवडून निघत नाही. यमकासाठी शब्द फिरवायचे की नाही, याचं माझं उत्तर यातच आलं.

आपला गोंधळ होतो, कारण आपण बायबलच्या वचनाला "ओवी" म्हणतो. तिसरा अध्याय, सोळावी ओवी. ऐकणाऱ्याला वाटावं, आता तीन यमकी चरण आणि चौथा आखूड चरण येणार. प्रत्यक्षात ते बहुतेक गद्य असतं. बायबलमधली स्तोत्रं मुळात काव्य आहेत खरी, पण हिब्रू काव्य यमकावर चालत नाही. एकच गोष्ट दोन अंगांनी सांगायची, अशी त्याची जोडओळींची रीत, आणि ती भाषांतरातही टिकते. खऱ्या ओवीत बायबल सांगायचं असेल तर गोव्यातले इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांच्यासारखं करावं लागतं. १६१६ साली त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. तिकडे युरोपात जिनिव्हाच्या मंडळीनं सगळी दीडशे स्तोत्रं छंदात बांधून १५६२ मध्ये पुरी केली, साऱ्या मंडळीला एकत्र गाता यावीत म्हणून. दोन्ही मोठी कामं. पण ती काव्यं आहेत आणि काव्य म्हणूनच गायली गेली. सुवर्णवचन म्हणून जे शिकवायचं ते पुस्तकात छापलंय तसंच, काना-मात्रेसकट. तुम्हाला छंदात गाणी रचायची असतील तर खुशाल रचा, मुलांना आवडतील. फक्त त्यांना वचन म्हणू नका, आणि स्पर्धेला पाठवू नका.

आणखी एक, भाषांतर एकच धरा. वर्गात एक, घरी दुसरं आणि मोबाइलवर तिसरं असलं, की मूल तिन्हींची खिचडी करतं आणि बोल आपल्याला लागतो.

आता चाल लावता येत नाही, याबद्दल. येत नाही तेच बरं! ज्याला चाल लावता येते तो आधी चाल लावतो आणि मग त्यात शब्द कोंबतो. तुम्ही उलट्या बाजूनं या. पेटी बंद ठेवा. वचन दहा वेळा नुसतं मोठ्यानं म्हणा, एखाद्याला समजावून सांगत असल्यासारखं. कुठे श्वास घेता, कुठल्या शब्दावर आवाज चढतो, कुठे आपोआप उतरतो, ते ऐका. मराठी वाक्य शेवटी क्रियापदावर उतरतं, तिथे आवाजही उतरतो. तीच तुमची चाल. तिला फक्त जरा ठळक करायचं.

स्तोत्र २३ ची पहिली ओवी घ्या. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." मात्रा मोजून बघा. पहिल्या अर्ध्यात वीस भरतात, दुसऱ्यात एकोणीस. कुणी मुद्दाम मोजून लिहिलं असेल असं मला वाटत नाही, पण तोल आयताच मिळालाय. म्हणजे दोन अर्धी, दोन श्वास. पहिलं अर्ध थोडं उघडं सोडायचं, दुसरं घरी आणून बसवायचं.

यासाठी एक फार जुनी युक्ती आहे. ख्रिस्ती मठांतून शतकानुशतकं स्तोत्रं अशीच म्हटली गेली. सुरुवातीला दोन सुरांची पायरी चढायची, मग एकाच सुरावर शब्द बोलल्यासारखे म्हणत जायचं, आणि ओळीच्या शेवटी दोन-तीन सुरांत वळण घ्यायचं. ओळ आठ अक्षरांची असो की अठ्ठावीस, मधला सूर रबरासारखा ताणला जातो. शब्द गाळायची वेळच येत नाही. पेटीवर असं वाजवा: "पर" सा वर, "मेश्वर" रे वर, "माझा मेंढपाळ" सगळं ग वर, "आ" म वर, "हे" परत ग वर. श्वास. मग "मला काही उणे" ग वर, "पडणार" रे वर, "नाही" सा वर, आणि "ना" थोडा लांब. झाली चाल. मुलं दोन खेपांत उचलतात, कारण चालीत शिकण्यासारखं फार नाहीच. जे शिकायचं ते शब्दांत आहे.

"पडणार नाही" एका श्वासात का, तेही सांगते. माझ्या ओळखीच्या एकीनं याच वचनाला सुरेख चाल लावली होती, "पडणार" वर लांबच लांब आलाप. पोरांचा दम तिथेच संपायचा. मग एक चिमुरडा छाती फुगवून, डोळे मिटून, अगदी भक्तिभावानं गाऊन थांबायचा: "मला काही उणे पडणाऽऽर". नाही गायब! मराठीत नकार शेवटी येतो, म्हणून आपल्याला ही काळजी जास्त घ्यावी लागते. "नाही", "नये", "नकोस" हे शब्द ज्या श्वासात क्रियापद आहे त्याच श्वासात आले पाहिजेत. पेन्सिल घेऊन तुमच्या बाराही वचनांत श्वासाच्या खुणा करा. कुठे नकार तुटलाय ते लगेच दिसेल.

ह्रस्व-दीर्घाचंही तेच. "पिता"तला पि ताणला की पीता होतो. ताणायचंच तर दीर्घ अक्षर ताणा, ह्रस्वावर झटकन पुढे जा. जोडाक्षरावर सूर बदलू नका, लहान मुलांची जीभ अडखळते. शब्द भराभर कोंबू नका. इंग्रजी वर्णमालेच्या गाण्यात एल-एम-एन-ओ-पी इतकं घाईत येतं की कितीतरी मुलांना ते एकच लांबलचक अक्षर वाटतं. तुमच्या चालीतही एखादं एलेमेनोपी लपलेलं असेल, ते हुडकून काढा.

पट्टीचं थोडक्यात. पाच-सहा वर्षांच्या मुलांचा आवाज मोठ्यांना वाटतो तेवढा वर जात नाही आणि आपल्या खर्जात तर उतरतच नाही. पेटीवर पांढरी दोनचा (इंग्रजी डी) सा धरा आणि सा ते प, फार तर ध, एवढ्यातच चाल ठेवा. आपल्या गळ्याला सोयीची पट्टी लावली की मुलं गात नाहीत, ओरडतात.

सिनेमाच्या चालींबद्दल मी कर्मठ नाही. स्तोत्र २२ च्या शीर्षात "पहाटेची हरिणी" असे शब्द येतात, ते त्या काळच्या एखाद्या ओळखीच्या चालीचं नाव असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे माहितीच्या चालीवर म्हणणं काही आजचं नाही. अडचण वेगळीच आहे. त्या चालीला आधीच शब्द चिकटलेले असतात. वर्ग सुटल्यावर मुलांच्या दहा पावलं मागून चालत जा आणि ती कुठले शब्द गातात ते ऐका. तुमचे असतील तर चाल ठेवा, सिनेमाचे असतील तर सोडून द्या.

बारा वचनांना बारा वेगवेगळ्या चाली हव्यात का? संशोधक वँडा वॉलेस यांनी १९९४ मध्ये यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. एकच चाल कडव्यामागून कडव्याला परत परत आली तेव्हा नुसतं बोलून ऐकवलेल्यापेक्षा गाऊन ऐकवलेले शब्द लोकांना जास्त आठवले. एकच कडवं एकदा नव्या चालीत ऐकवलं तेव्हा मात्र गाण्याचा फायदा दिसला नाही. उघडच आहे, नवी चाल हेही डोक्यावर एक ओझंच असतं. २००० मधल्या आणखी एका अभ्यासात तर असं दिसलं की गाताना आपण शब्द सावकाश म्हणतो, गाण्याच्या फायद्यात त्या सावकाशीचा मोठा वाटा असतो. म्हणून मी असं करते: एका उताऱ्याला एक चाल. स्तोत्र २३ च्या सहाही ओव्या वर सांगितलेल्या एकाच वळणावर बसतात, मधला सूर कमी-जास्त ताणायचा एवढंच. पण दुसऱ्या पुस्तकातल्या वचनाला तीच चाल देऊ नका, नाहीतर मूल मेंढपाळापासून निघतं आणि फिलिप्पैकरांच्या पत्रात जाऊन पोचतं. आणि म्हणा सावकाश. दणक्यात गाणं ऐकायला छान, पण दणक्यात शब्द चेंगरतात.

अगदी लहानग्यांना सगळं वचन द्यायचा हट्ट धरू नका. स्तोत्र १३६ मध्ये सव्वीस ओव्या आहेत आणि सव्वीसही वेळा "त्याची दया सनातन आहे" येतं. पाच-सहा वर्षांच्यांना तेवढं पालुपद द्या, त्याआधीच्या ओळी मोठ्या मुलांनी म्हणायच्या. तीन रविवारांत धाकट्यांना मोठ्यांच्याही ओळी यायला लागतात, न शिकवता.

आता राहिलेलं अर्धं काम, म्हणजे चाल काढून घेणं. मुलं सुरात पक्की झाली की मुद्दाम करायचं. पहिल्या रविवारी गा. दुसऱ्या रविवारी गा, पण मधला एक शब्द सगळ्यांनी मनात म्हणायचा, तोंडातून काढायचा नाही. पुढे दोन शब्द. मग अख्खी ओळ मनात आणि फक्त शेवटचा शब्द एकदम मोठ्यानं. मुलांना हा खेळ इतका आवडतो की तुम्हालाच थांबवावं लागेल. त्यानंतर सूर काढून टाका, ठेका ठेवा, नुसत्या टाळीवर म्हणा. मग टाळीही काढा. शेवटी मधूनच सुरू करा: तुम्ही म्हणा "मला काही", त्यांनी पुढे न्यायचं. किंवा शेवट सांगून आधीचं विचारा. कुजबुजत म्हणा, रागावून म्हणा, झोपाळू आवाजात म्हणा. चालीशिवाय वचन पाच-सहा तऱ्हांनी तोंडातून गेलं की परीक्षकांनी कुठलंही दार लावू दे.

"म्हणून दाखव" हे परीक्षेपुरतं ठेवू नका, आठवणं हीच तालीम आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. तुमचा वर्गही आठवड्यानंच भरतो! म्हणून दर रविवारी नवीन वचनाला हात घालण्याआधी गेल्या रविवारचं, महिन्यापूर्वीचं आणि एखादं फार जुनं अशी तीन वचनं न गाता विचारा. पाच मिनिटं पुरतात. अडलं तर लगेच शब्द पुरवू नका, दहा आकडे मनात मोजा. त्या शांततेत मूल जे शोधत असतं ते त्याचं त्यालाच सापडू द्या.

संदर्भाचं सोपं आहे. पत्ता आधी, घर मग. "स्तोत्र तेवीस, ओवी एक" हे चढत्या सुरांत, चालीचाच भाग म्हणून सुरुवातीला घाला, आणि शेवटी पुन्हा एकदा उतरत्या सुरांत. तुम्ही संदर्भ चालीच्या बाहेर ठेवला होता, म्हणून तो बाहेरच राहिला. आकडे आठवत नाहीत म्हणून मुलांना रागावू मात्र नका. प्रेषित पौलानं पत्रं लिहिली तेव्हा त्यात ओव्यांचे आकडे नव्हते. नव्या कराराला आजचे आकडे पडले ते १५५१ मध्ये, रोबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकानं आपल्या आवृत्तीत घातले म्हणून. आकडे पत्त्यासाठी आहेत, सोयीचे आहेत, तेवढंच.

अर्थाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण मी सोडणार नाही. "उणे" हा शब्द मुलांना गणितातून माहीत असतो, पाच उणे दोन. माझ्या वर्गात एकीला विचारलं, "मला काही उणे पडणार नाही म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "देव वजाबाकी करत नाही." मी हसले आणि मग गप्प झाले; याहून बरं मला सांगता आलं नसतं. असं एखादं उत्तर ऐकायला मिळावं म्हणून तरी चाल शिकवायच्या आधी वचनातले अवघड शब्द मुलांसमोर ठेवा. "सार्वकालिक" काय, "मेंढपाळ" दिवसभर काय करतो. न कळलेला शब्द मुलं सुरात ठोकून-ठाकून ओळखीच्या शब्दासारखा करून टाकतात, आणि समूहगानात ते ऐकूही येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येकाचं एकेकट्याचं ऐका.

मोठ्या मुलग्यांना गायला लावू नका. त्या वयात वर्गासमोर गाणं म्हणजे त्यांना शिक्षा वाटते, आणि लवकरच काहींचा आवाजही फुटायला लागेल. त्यांच्या हातात ठेका द्या. गलतीकरांस पत्रातलं आत्म्याचं फळ घ्या: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊ शब्द आणि आठ मात्रांचा केरवा, प्रत्येक शब्दाला एक आवर्तन. प्रीतीला चारच मात्रा, म्हणजे उरलेल्या चारांत बाकावर हवं ते वाजवा. विश्वासूपणाला नऊ, तो आठांत मावायचा तर जीभ जरा पळवावी लागते. "इंद्रियदमन" समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कोण नीट टाकतो यावर त्यांच्यात पैजा लागतील. इथे सूर नाहीच. याद्या आणि क्रम ठेक्यावर पक्के बसतात, गोष्ट सांगणाऱ्या वचनाला मात्र सुराची चढ-उतार लागते. जमलं तर धाकटे गात असताना ठेका धरायचं काम कायमचं मोठ्यांकडे द्या. शब्द त्यांच्या कानांवरून जातच राहतील, आणि आपल्याला पाठ झालंय हे त्यांना कबूलही करावं लागणार नाही.

घरी सरावासाठी तुमच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण पालकांना पाठवा, पेटीशिवाय, सावकाश, एकदा गाऊन आणि एकदा नुसतं म्हणून. ते सगळ्या जगासाठी टाकायचा विचार असेल तर थांबा. चाल तुमची असली तरी भाषांतराचे हक्क कुणाचे तरी असतात. बायबलच्या सुरुवातीच्या पानांवर ते छापलेलं असतं, तिथे लिहून परवानगी मागा. सिनेमाच्या चालींचं तर विचारूच नका.

बाराच्या बारा चाली एकदम मोडायला निघू नका. ज्या वचनांत शब्द बदललेत तेवढीच आधी काढा. मुलांना सरळ सांगा, "माझी चूक झाली होती, खरे शब्द असे आहेत." आणि त्या वचनाला पूर्ण नवी चाल द्या. जुन्याच चालीत नवे शब्द घातले तर जुने शब्द वर येतात, हे मी त्या "अशासाठी की"पायी भोगलंय. दुरुस्त वचनं मुलांनी म्हटली की एकदा त्या वडिलांना वर्गात बोलवा. बायबल उघडं ठेवून ऐका म्हणावं.

आणि ती सात वर्षांची मुलगी. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात देव मोशेला एक गीत लिहून घ्यायला आणि ते इस्राएल लोकांच्या तोंडी बसवायला सांगतो, पुढे ते भरकटतील तेव्हाही ते त्यांच्या संततीच्या तोंडून विसरलं जाणार नाही म्हणून. तिनं त्या दिवशी याहून वेगळं काय केलं? अडली, तेव्हा गीताला धरून वाट काढली. परीक्षकांचे नियम असतील, त्यांनी गुण कापले, ठीक आहे. तुम्ही मात्र तिला गुणगुणू नको असं सांगू नका. शब्द मनात ठेवायचा खेळ सुरू केलात की पहिल्या दिवशी तिलाच पुढे उभी करा, कारण बाकीच्या सतरांना जे शिकायचंय ते ती आत्ताच करते, फक्त ओठ जरा हलतात तिचे.